आंघोळ झालेली गाडी

साल दोन हजार चोवीस. शिवडीहून समुद्रावरून येणारा लांबलचक पूल त्या जानेवारीत सुरू झाला होता आणि पनवेलमध्ये जो तो भेटेल त्याला आपण त्या पुलावरून जाऊन आल्याचं सांगत होता. शशिकलाची गाडी मात्र पनवेलच्याच, जुन्या आणि नव्या गावाला जोडणाऱ्या साध्या पुलाच्या चढावर फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी हातभर मागे गेली. पुढे ट्रक थांबला होता. तो हलला तेव्हा तिने उजवा पाय ब्रेकवरून उचलला. डावा पाय क्लचवरून सावकाश वर यायला हवा होता, तो आलाच नाही. दिवाळीपासून कुरकुरणारा गुडघा तिथेच, खाली, दाबलेलाच राहिला. तो पाय आपला नव्हेच, कुणीतरी गाडीत विसरून गेलेली वस्तू आहे, असं तिला वाटलं. गाडी मागे घरंगळली आणि मागच्या रिक्षाला टेकली. शेजारी बसलेली सुनंदा, शाळेत तीस वर्षं तिच्याबरोबर शिक्षिका असलेली मैत्रीण, खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणाली, "शशे, आपण मागे चाललोय."

"माहितीये मला."

"नाही, म्हटलं सांगावं."

रिक्षावाला खाली उतरून आपल्या गाडीच्या तोंडावरून हात फिरवत होता. "ओ आजी, कर्नाळा पुढं हाय! मागं कुटं चाल्लाव?" काही झालेलं नव्हतं, ओरखडासुद्धा नाही. दोघी दर गुरुवारी जात तशा कर्नाळ्याच्या रस्त्यावर गेल्या, नेहमीच्या टपरीवर चहा प्यायल्या आणि परत आल्या. पण परतताना शशिकला अख्खा रस्ता आपल्या डाव्या पायाकडे लक्ष ठेवून होती, वर्गात एखाद्या पोराकडे ठेवावं तसं. हा पाय गाडी चालवायला शिकला एकोणनव्वद साली. जुन्या पनवेलच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तेव्हा ती एकटीच बाई होती. शिक्षक म्हणायचे, उजवा पाय कुणालाही येतो, गाडी खरी चालते डाव्यावर. मग प्रभाकर शेजारी बसून सराव करून घ्यायला लागला. न्हावा शेव्याला बंदरात कागदपत्रांचं काम करणारा तिचा नवरा स्वतः वाईट गाडी चालवायचा आणि शिकवायचा मात्र फार छान. "क्लच, शशी, क्लच." तो जाऊन आठ वर्षं झाली. पुलावर गाडी मागे जात होती तेव्हाही ते तीन शब्द तिला डाव्या कानाशी ऐकू आले होते, तिथे सुनंदा बसलेली असूनही.

सुनंदाच्या पोटात काही राहत नाही. शुक्रवारी सकाळी पुण्याहून सत्यजीतचा फोन आला. "आई, रिक्षाला ठोकलीस म्हणे." ठोकली नाही, टेकली, असं ती म्हणाली, पण तो ऐकून घेण्याच्या पलीकडे गेला होता. अठरा वर्षांची गाडी, अडुसष्ट वर्षांची बाई. त्याने दोन्ही वयं एका श्वासात म्हटली ते तिला लागलं. मग त्याने अट घातली. क्लच नसलेली, ऑटोमॅटिक गाडी घ्यायची. नवी नको, चांगली वापरलेली चालेल. पुढच्या रविवारपर्यंत ठरलं नाही तर चावी त्याच्याकडे द्यायची आणि पुढे मोबाईलवरून गाडी मागवून फिरायचं. "कर्नाळ्याला चहा प्यायला कोण येणार मोबाईलवरून?" ती म्हणाली. "मग चहा घरी प्या," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात रागापेक्षा भीती होती. तिला ती कळली आणि म्हणूनच पुढे वाद घालता आला नाही. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली. चावी दिली की काय जाईल याचा ती विचार करत होती. फार काही जाणार नव्हतं. गुरुवार जाणार होता. आणि मनात आलं की उठून निघता येतं, हे जे माणसाच्या अंगात कुठेतरी सतत चालू असतं, ते बंद पडणार होतं.

सत्यजीतने तिथे बसूनच एक गाडी हेरून ठेवली. खांदा कॉलनीजवळ मोकळ्या प्लॉटवर वरद नावाचा एक जण जुन्या गाड्या विकायचा. सोमवारी ती बघायला गेली. रुपेरी रंगाची, सहा वर्षांची, ऑटोमॅटिक, एकच मालक, तीस हजार किलोमीटर, दोनशे गोष्टी तपासल्याचा छापील कागद. वरद चाळिशीचा, गोड बोलणारा. "काकू, बसून तर बघा. ड्रॉइंग रूम आहे ड्रॉइंग रूम." त्याने दार उघडलं आणि ती आत बसली. दार बंद झालं. बाहेरचा कळंबोलीच्या ट्रकांचा आवाज एकदम मिटला. आणि मग तिला वास आला. कापूर. त्याच्या खाली लिंबाचं काहीतरी. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, जिथे नाक जायला तयार नसतं तिथे, आणखी एक.  "कापूर कसला?" तिने विचारलं. "पूजा केली ना काकू गाडीची. आमच्याकडे प्रत्येक गाडी पूजा करूनच देतो." ती उतरली. विचार करून सांगते म्हणाली. घरी येऊन तिने साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, आणि धुता धुता आपण काय करतो आहोत ते लक्षात येऊन नळ बंद केला.

दोन हजार पाच सालच्या जुलैत गाढी नदी घरात आली तेव्हा ते नदीच्या बाजूला तळमजल्यावर राहत होते. लोक पाण्याबद्दल बोलतात. शशिकलाला आठवतो तो पाणी गेल्यानंतरचा चिखल. विज्ञान शिकवणारी बाई ती, तिला त्या वासातले निम्मे घटक नावानिशी सांगता आले असते. डिझेल, गटार, कुजलेलं गवत, ओला कापूस, आणि एक गोडसर, मेलेला वास, ज्याला नाव नव्हतं. त्यांची तेव्हाची गाडी, दोनच वर्षांची, खिडक्यांपर्यंत बुडाली होती. विमा होता तो फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा. मेकॅनिकने आठ दिवसांत इंजिन चालू करून दिलं आणि म्हणाला, चालेल तोवर चालेल. मग एका रविवारी ती गाडीत बसली आणि तिने ती गाडी धुतली. सीट काढल्या. गालिचे धुण्याच्या सोड्यात भिजवले, व्हिनेगर फिरवलं, लिंबं चोळली, उन्हात वाळवून पुन्हा बसवले, आणि शेवटी सीटांच्या खाली, कागदाच्या पुड्यांत, कापूर ठेवला. हात कोपरापर्यंत उलले होते. ऑगस्टच्या शेवटी गव्हाणचा हरेश नावाचा एक तरुण आईला घेऊन आला. जमिनीच्या आलेल्या पैशातून घरातली पहिली गाडी घ्यायची होती. त्याने बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि आपल्याला यातलं काही कळत नाही हे लपवायला पुन्हा मिटलं. त्याची आई मागच्या सीटवर बसली, हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून, आणि हसली. पाणी लागलंय का, हे त्याने विचारलं होतं. प्रभाकर म्हणाला, आम्ही ती आधीच उंचावर नेऊन ठेवली होती. विकायची कल्पना कुणाच्या तोंडून आधी निघाली ते आठवत नाही, असं शशिकला गेली एकोणीस वर्षं स्वतःला सांगत आली होती. सत्यजीत तेव्हा पुण्याला होस्टेलवर होता. गाडी भंगारात दिली असं त्याला कळवलं. आणि त्या पैशात थोडी भर घालून नवीन गाडी आली, ही, जी परवा पुलावर मागे गेली.

हरेश एकदा परत आला होता, त्याच वर्षी दिवाळीआधी. दारात उभा राहून म्हणाला, गाडी बंद पडते. प्रभाकर म्हणाला, विकली तेव्हा चालत होती ना? तिने चहा करून आणला. हरेशने कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कपाला हात न लावता दारातल्या पायऱ्या उतरून गेला. चहावर साय धरेपर्यंत तो कप तिथेच होता.

त्या आठवड्यात तिला झोप अशी लागलीच नाही. बुधवारी सत्यजीतने विचारलं, वरदची गाडी का नको? रिपोर्ट स्वच्छ आहे. ती म्हणाली, मला वास येतो. "कसला वास?"  त्या गाडीबद्दल जे तिला ठाऊक होतं ते कसं ठाऊक आहे हे सांगितल्याशिवाय सांगता येणारच नव्हतं. आणि सत्यजीत अजूनही बोलता बोलता म्हणतो, बाबांनी आयुष्यात कुणाला फसवलं नाही. "आई, तुला गाडी घ्यायचीच नाहीये," तो शेवटी म्हणाला. "मी शनिवारी येतो. हीच फायनल करू, नाहीतर चावी." तिने सुनंदाला फोन केला. ऑटोमॅटिक गाड्यांतलं खरं कळणारा कोण आहे? सुनंदाने चटकन नाव सांगितलं. उलव्याला गॅरेज आहे, माझ्या भाच्याची गाडी त्याच्याकडेच असते, हरेश म्हणून कुणी आहे, गव्हाणचा.  "अगं, आहेस का?" सुनंदा म्हणाली. "आहे," ती म्हणाली. नाव तिने याआधीही दोन-तीनदा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी, तो हा नसेल, असं ठरवून टाकलं होतं.

गुरुवारी सकाळी सुनंदाला काही न सांगता ती एकटीच निघाली. उलव्याच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी कंटेनर, मध्ये तिची गाडी. दर सिग्नलला ती गुडघ्याला मनातल्या मनात सांगत होती, एवढं कर, एवढं एकदाच कर. विमानतळासाठी कापलेल्या डोंगराची माती रस्ताभर उडत होती. इकडे पूर्वी खाडी होती, भातशेती होती. सहलीला मुलांना आणलं तेव्हा तिने याच बाजूला कुठेतरी खारफुटीची मुळं दाखवली होती. आता इमारती एकमेकींच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. गॅरेज मोठं होतं, चार गाड्या वर चढवलेल्या. हरेश पन्नाशीला आलेला, कानावरचे केस पांढरे, जाड भिंगांचा चष्मा. त्याने तिच्याकडे आधी पाहिलंच नाही. गाडीकडे पाहिलं, बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाला, "क्लच गेला हाय काकी. आणि तुमचा गुडघा पण." मग चष्मा वर करून त्याने तिचा चेहरा पाहिला.  चढवलेल्या एका गाडीतून तेल थेंब थेंब डब्यात पडत होतं.

"साहेब बरे हायत?"

"गेले. आठ वर्षं झाली."

"हां," तो म्हणाला. एवढंच.

तिने येताना वाक्यं जुळवली होती, शाळेत तपासणीच्या दिवशी जुळवायची तशी. त्यातलं एकही आलं नाही. "हरेश, ती गाडी बुडालेली होती," ती म्हणाली.

त्याने हात फडक्याला पुसले. "मना तवाच समजला, काकी. आठव्या दिवशी सीटच्या खालून सुका मासा निघाला. आता सुका मासा आपल्या पायांनी गाडीत येल का?" कोपऱ्यात काम करणारे दोघे हसले. तो नाही हसला. "बहिणीच्या लग्नात बंद पडली. नवरीला घेऊन. रस्त्याच्या मदी. नवरी चालत गेली मांडवात, चिखलातून. आजून तिच्या सासरचे चिडवतात. पैशाचा मना काय वाटला नाय काकी. पैसे जमिनीचे होते, आले तसे गेले. लाज वाटली. आमच्या आयनं तवा सांगितला होता, गाडीला देवलाचा वास येतो, हीच घे. कापूर होता ना? ती मरेपर्यंत सांगायची, माझ्यामुलं झाला."

शशिकला उभी होती तिथेच एका टायरवर बसली. त्या बाईचे मांडीवर ठेवलेले हात तिला आठवले. तिचं ते हसणं. एकोणीस वर्षं तिने तो न प्यायलेल्या चहाचा कप मनात जपून ठेवला होता, त्या बाईचं हे मात्र तिला माहीतच नव्हतं.

"नंतर मी ती गाडी सोडली नाय," हरेश म्हणाला. "रोज खोलायची, रोज लावायची. कोणाकडं न्यायला तोंड नव्हता. तीन वर्षांत तिचा एक नट ठेवला नाय बघायचा. मग लोक आपल्या गाड्या आणायला लागले." त्याने हाताने गॅरेज दाखवलं, पण त्यात उपकार नव्हता आणि माफीही नव्हती, रस्ता विचारल्यावर दाखवावा तसं दाखवलं. "आता बोला, काय काम काढलाव?"

तिने सांगितलं. तो काम सुरू करणाऱ्याच्या आवाजात बोलायला लागला. "ऑटोमॅटिक सगल्या सारख्या नसतात. एका जातीत आतमदी साधाच गिअर, साधाच क्लच, फक्त पाय मशीनचा. चढावर तो पण अडखलतो. दुसरीत पट्टा असतो, गुलगुलीत चालते, पण आधीच्या मालकानं येलेवर तेल बदलला का नाय, ते बघायला लागतं. तिसरी जुनी जात, तेलाच्या दाबावर चालते. पेट्रोल जास्त पिते. पण तुमच्या गुडघ्याला तीच बरी. आणि कंची पण घ्या, वहीशिवाय घेव नका. सर्विसची वही."

शनिवारी सत्यजीत आला. खांदा कॉलनीच्या प्लॉटवर वरदने तिघांसाठी उसाचा रस मागवून ठेवला होता. हरेश आपल्या गाडीने आला, रसाला हात लावला नाही, छापील कागद घडी करून वरदच्या हातात परत दिला आणि ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा ओढायला लागला. ओढत राहिला. एरवी कुणी ओढत नाही तिथपर्यंत, पार शेवटपर्यंत. पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर एक तांबूस, आडवी, सरळ रेघ होती. "हिची पण आंघोळ झालीय," तो म्हणाला. मग सीटच्या रुळांवरचा गंज, मग डिकीतल्या चाकाखालची वाळलेली बारीक माती, जी त्याने चिमटीत धरून वरदच्या तळहातावर ठेवली. वरद म्हणाला, मला असं समजलं नव्हतं, मीही लिलावातून घेतली. कदाचित ते खरंही असेल.

सत्यजीत आईकडे वळला. "तुला वासावरून कसं कळलं?"

हीच ती जागा होती. आठवडाभर ती मनातल्या मनात इथे येऊन परत फिरत होती. वरद होता, हरेश होता, रस्त्यावरून ट्रक जात होते. ती म्हणाली, "आपली गाडी भंगारात दिली नव्हती, सत्यजीत. यांना विकली होती. पाणी लागलं नाही म्हणून सांगून. कापूर मी ठेवला होता."

त्याने हरेशकडे पाहिलं. हरेश लांब कुठेतरी बघत होता. "बाबांनी सांगितलं ना तुला तसं करायला?" सत्यजीतने विचारलं. आवाज लहान मुलासारखा झाला होता. तिला हो म्हणता आलं असतं. प्रभाकर नव्हता. आणि त्याच क्षणी तिला ते सगळं स्वच्छ आठवलं. विसरली कधी नव्हतीच ती. प्रभाकर ओल्या पायरीवर बसून म्हणत होता, देऊन टाकू शशी भंगारात, कुणाच्या गळ्यात बांधायची? आणि हातात लिंबाची फोड घेऊन ती म्हणाली होती, वास गेला की कोण विचारतंय?

"नाही," ती म्हणाली. "ते नको म्हणत होते. मी म्हटलं विकू."

 सत्यजीतने स्वतःचा रस संपवला, कारण हातात होता. मग हरेशच म्हणाला, चला, नवीन पनवेलला एक बाय हायत, त्यांची गाडी मीच बघतो, दाखवतो. त्या बाईंचं नाव चंद्रावती. वय शहात्तर, दोन्ही डोळ्यांनी आता नीट दिसत नव्हतं म्हणून गाडी काढत होत्या. काळपट निळी, जुन्या जातीची, बारा वर्षांची. वही त्यांनी पदराखाली धरली होती. कुणी काही विचारायच्या आत त्यांनी सुरुवात केली. "मागचं डावं दार आतून उघडत नाही. एसी पहिली पाच मिनिटं कुबट वास मारतो, मग शहाणा होतो. सोसायटीच्या खांबाला मी तीनदा घासलीय. दोनदा माझी चूक, तिसऱ्यांदा खांबच मधे आला." शशिकला हसली. एवढं सोपं होतं ते. एक बाई उभी राहून सांगत होती आणि आभाळ कोसळत नव्हतं.

चालवून बघायला ती बसली, शेजारी हरेश, मागे सत्यजीत. गाडी सुटली, लोण्यातून सुटावी तशी. पहिल्या वळणाला तिचा डावा पाय सवयीने क्लच शोधत गेला, तिथे रुंद ब्रेक होता, त्याने तो कचकन दाबला, आणि तिघेही पुढे फेकले गेले. "पट्टा लावला म्हणून वाचलाव!" हरेश म्हणाला. दुसऱ्या वळणाला पुन्हा तेच. पस्तीस वर्षं शहाणा असलेला पाय आता एकटा मूर्ख ठरत होता. तिच्या कपाळावर घाम आला. मागून सत्यजीत म्हणेल, राहू दे आई, आणि तसं म्हटलं तर आज ती ऐकेल, हे तिला ठाऊक होतं. तो काही म्हणाला नाही. हरेश म्हणाला, "डाव्या पायातली चप्पल काढा. ठेवा मागं. पाय उघडा असला का त्याला आठवण राहते, आपली ड्युटी संपली." तिने काढली. थंड रबरावर टाच टेकली, पाय मागे ओढून घेतला. आणि मग जुन्या पनवेलच्या त्याच पुलाचा चढ आला, पुढे ट्रक थांबला, ट्रक हलला. गाडी मागे गेली नाही.

ही गाडी तिने घेतली, आणि अजून चालवते आहे. चंद्रावतीबाईंच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढे नीट झाली. आता त्या गुरुवारी मागच्या सीटवर असतात, उजव्या बाजूला, कारण डावं दार आतून उघडत नाही. पुढे सुनंदा. वरदने प्लॉट सोडला, तो आता घरं विकतो. शशिकलाच्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक मिळायला सात महिने लागले, कारण तिने गाडीचे सगळे दोष एका वहीच्या पानावर अनुक्रमे लिहून पुढच्या काचेला आतून लावले होते. येणारा वाचायचा आणि जायचा. हरेशने एकदा ते पान वाचून विचारलं होतं, "काकी, विकायला बसलाव का घाबरवायला?" शेवटी ती त्यानेच सुट्या भागांसाठी नेली. सत्यजीत त्या शनिवारी न जेवता पुण्याला गेला, तीन आठवडे त्याचा फोन नव्हता. मग आला, आणि त्याने एकच विचारलं, बाबा पायरीवर बसून नेमकं काय म्हणाले होते. तिने शब्दन् शब्द सांगितला. तो पुन्हा सांग म्हणाला. हरेशच्या गॅरेजमध्ये दर सहा महिन्यांनी ती जाते. तो तिच्यासाठी कटिंग मागवतो, ती टायरवर बसून पिते. पनवेलला आलास तर घरी चहाला ये, असं ती दर वेळी म्हणते. तो हां म्हणतो आणि अजून आलेला नाही. परतताना गाढीच्या पुलावर आली की तिचा उघडा डावा पाय आपण होऊन पुढे सरकतो. ब्रेकच्या डावीकडे, जिथे क्लच असायचा आणि आता काहीच नाही, त्या रिकाम्या जागी तो टेकतो आणि नदी मागे जाईपर्यंत दाबून धरतो. ती त्याला आता मागे ओढत नाही.